फोन आधी कुणी ठेवायचा

आंब्याचा धंदा मी शिकलो तो मुंबईच्या बाजारात, रुमालाखाली. दलाल आणि गिऱ्हाईक एकमेकांचा हात धरायचे, वर रुमाल टाकायचे आणि बोटं दाबून भाव ठरवायचे. तोंडाने अवाक्षर नाही. मी तिथे पेट्या उतरवायला होतो, पण माझे डोळे त्या रुमालावर असायचे. एक गोष्ट लवकर लक्षात आली. ज्याला सौदा हवा असतो तो हात धरून राहतो. ज्याला नको असतो, किंवा नको असं दाखवायचं असतं, तो हात काढून घेतो. आणि त्याने हात काढला की समोरचा त्याचं मनगट पुन्हा पकडतो. बहुतेक वेळा पकडतोच.

पुढे मी पावसला परत आलो. आधी एक बाग कराराने घेतली, मग आणखी काही, मग स्वतःची पॅकिंगची शेड टाकली. वडिलांकडून मला कातळाचा एक तुकडा आणि तापट डोकं एवढंच मिळालं होतं. बाकीचं मी बोलून मिळवलं, किंवा न बोलून. आता सगळा व्यवहार मोबाईलवर. दलालाचा फोन आला की मी माझा भाव सांगतो आणि फोन ठेवतो. तो परत करतो. पुन्हा तोच भाव, पुन्हा ठेवतो. माझी बायको म्हणते, "तुम्ही कुणाला 'बरं, ठेवतो हां' म्हटलेलं मी आजवर ऐकलं नाय."

हे आधी सांगतोय, कारण भावोजींचा फोन मी मूर्खपणाने ठेवला किंवा घाबरून ठेवला असं आमच्याकडे काही लोक बोलतात. घाबरलो नव्हतो. मला जे येतं ते मी केलं.

भावोजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. संगमेश्वरकडचे. आयटीआय करून विजेच्या उंच मनोऱ्यांवर तारा ओढायच्या कामात लागलेले. वयाने माझ्याहून लहान, पण जावई, म्हणून अहो-जाहो. लग्न झाल्यावर मी त्यांना म्हटलं होतं, "माझ्याकडे या. शेड तुम्ही सांभाळा, बागा मी बघतो." ते हसले. म्हणाले, "दादा, तुमच्या हाताखाली मी एक सीझन काढीन. दुसऱ्या सीझनला आपण एकमेकांचं तोंड बघणार नाय. त्यापेक्षा लांब बरा." ते मला लागलं. लागलेलं मी विसरत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

ते खरंच लांब गेले. आफ्रिकेत, वाळवंटाच्या कडेला असलेल्या एका देशात. तिथून व्हिडिओ कॉल करायचे, पायाखालची माती दाखवायचे. "बघा, आपल्यासारखीच लाल. फक्त आंबा नाय." तिथे सरकारविरुद्ध बंदुका घेऊन लढणारे लोक आहेत हे आम्हाला माहीत होतं. पण भावोजी ते असं सांगायचे, जसं आपण बिबट्या वरच्या वाडीत आला होता असं सांगतो. आहे, पण वरच्या वाडीत.

दिवाळी झाली आणि एका दुपारी त्यांच्या कंपनीच्या मुंबई ऑफिसमधून फोन आला. कामगारांना साइटवर नेणारी गाडी रस्त्यात अडवली होती. चालकाला सोडून दिलं, बाकीच्यांना घेऊन गेले. त्यांत भावोजी, दुसऱ्या राज्यातला आपलाच एक फिटर, तिथले काही मजूर आणि एक गोरा इंजिनियर.

बहीण पिशवी घेऊन माझ्याकडे आली. तिला तिच्या सासूनेच पाठवलं होतं. "भावाकडे जा, तो बोलणारा आहे." ओटीवर बसून तिने पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाली, "दादा, तू जगाला ऐकवतोस. आता त्यांना ऐकव. मला माणूस पायजे, बस."

मी म्हटलं, "आणतो." तेव्हा मला वाटलंही होतं की आणीन.

कुठल्याही सौद्यात पहिलं काम असतं, ठरवणारा माणूस शोधायचं. दलालाचा मुनीम कितीही बोलला तरी त्याच्या हातात काही नसतं. मी कंपनीला फोन लावले, ते म्हणाले सरकारशी बोला. कलेक्टर ऑफिसला गेलो, ते म्हणाले दिल्लीशी बोला. दिल्लीच्या ऑफिसातून शेवटी एका बाईंचा फोन आला. मराठी होत्या, बोलण्यावरून पुण्याकडच्या. शांत, गोड, प्रत्येक वाक्याला "आम्ही समजू शकतो." मी त्यांना मॅडम म्हणायचो.

त्यांनी समजावलं ते असं. माणसं त्या देशात पळवली गेली, म्हणून जबाबदारी त्या देशाच्या सरकारची. त्या सरकारपाशी तेवढी साधनं नाहीत, म्हणून त्यांनी एका मोठ्या देशाची मदत मागितली आहे. त्या देशाचे सल्लागार, त्यांची विमानं, त्यांची फोन शोधणारी माणसं तिथे आली आहेत. आणि आपलं सरकार दोघांच्याही संपर्कात आहे.

"मग ठरवणार कोण, मॅडम?"

"सगळे मिळून ठरवतील."

"सगळे मिळून म्हणजे कुणीच नाय."

"तसं नसतं हो."

"बरं, हा मोठा देश कशाला आला? त्याचं काय अडलंय?"

त्या पुन्हा संपर्काचंच सांगायला लागल्या. मी मधेच म्हटलं, "तो गोरा इंजिनियर त्यांचा आहे काय?"

"त्यावर मी बोलू शकत नाही."

म्हणजे होता. मी लगेच हिशोब बांधला. आपला माणूस जोवर त्यांच्या माणसाच्या शेजारी बसलाय तोवर त्याला मोल आहे. मी तसं म्हणूनही दाखवलं. मॅडमना ते आवडलं नाही. म्हणाल्या, "तुम्हाला एकच सांगते. त्यांचा फोन तुम्हाला येऊ शकतो. आला तर काहीही कबूल करू नका, आणि आम्हाला लगेच कळवा."

मी म्हटलं, "काही कबूल न करायला मला शिकवू नका."

मॅडमनी मला सांगितलं ते एवढंच. मी तेव्हा आणि नंतर पुष्कळदा आठवून पाहिलंय. काही कबूल करू नका, आम्हाला कळवा. तिसरं काही नाही.

फोन संक्रांतीच्या सुमाराला आला. मी पावसच्या वरच्या बागेत होतो, मोहरावर फवारणी चालू होती. नंबर परदेशी. माझा नंबर पहिल्यापासून एकच आहे, भावोजींना तो पाठ होता. बहिणीचा नव्हता.

"दादा, मी."

आवाज त्यांचाच. कोरडा, पण त्यांचाच. फवारणीचा पंप मी हातानेच खूण करून बंद करायला लावला.

"कसे आहात?"

"बरा आहे. दादा, हे सांगायला लावतायत ते ऐका. यांची माणसं तुरुंगात आहेत, ती सोडायची. सरकारला सांगा म्हणतायत, पेपरवाल्यांना सांगा, टीव्हीवर रडा. नायतर..." मागे कुणीतरी जोरात बोललं. "नायतर आम्हाला सोडणार नाय."

आता माझ्या जागी स्वतःला ठेवा. समोर माल आहे, मालाच्या मागे विकणारा आहे, तो कान देऊन ऐकतोय. मी रडलो असतो तर त्याने काय ओळखलं असतं? की ह्यांना हा माणूस फार हवाय. म्हणजे आणखी ताणा. माझ्या अंगातून सगळं वर येत होतं, आणि मी ते दाबून धरलं. आवाज असा केला की जसा काय मी कुणा परक्याशी बोलतोय.

"आम्ही साधी माणसं. सरकार आमचं ऐकत नाय. टीव्हीवाले आम्हाला ओळखत नाय. त्यांना म्हणावं, आमच्याकडून काय होणार नाय. मागून फोन करा."

"दादा..."

मी फोन ठेवला.

ठेवला आणि मोबाईल हातात धरून उभा राहिलो. तो पुन्हा वाजेल याची मला खात्री होती. माझ्या सगळ्या आयुष्याची खात्री होती ती. माणसं माझ्याकडे बघत होती. मोहराला मधमाश्या लागलेल्या, त्यांचा आवाज येत होता. फोन वाजला नाही. दुपार झाली, जेवणं झाली. नाही वाजला.

घरी येऊन बहिणीला सांगितलं. ती आधी हसली. खरंच हसली, भावोजी जिवंत आहेत म्हणून. मग म्हणाली, "काय म्हणाले? अजून काय म्हणाले?" मी म्हटलं, एवढंच. "मग तू काय म्हणालास?" मी तेही सांगितलं. 

"तू त्यांचा फोन ठेवलास?"

"अगं, तो डाव असतो. ते परत करतील."

"ते काय आंबे घ्यायला बसलेत?"

त्यानंतर कित्येक दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. माझ्या घरात, माझ्या चुलीपाशी बसून. मी रागावलो नाही. आता म्हणतो रागावलो नाही. तेव्हा जेवणाची एक पितळी भिंतीवर फेकली होती.

मॅडमना कळवलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, आणि मग फार हळू आवाजात विचारलं, "फोन किती वेळ चालला होता?"

"झटकन उरकला."

पलीकडे कागद हलल्याचा आवाज. मग, "ठीक आहे."

ते "ठीक आहे" मला कळलं. गिऱ्हाईकाने तळच्या थरातला डागी आंबा पाहिला आणि तोंडाने काही बोललं नाही, तरी कळतं.

थोड्या दिवसांनी मला रत्नागिरीला कलेक्टर ऑफिसात बोलावलं. एका खोलीत मोठा पडदा लावला होता. पडद्यावर मॅडम, आणि शेजारच्या चौकोनात मदत करणाऱ्या त्या मोठ्या देशाचा एक सल्लागार. केस पिकलेले, साधा शर्ट, दमलेला चेहरा. तो बोलायचा आणि मॅडम मराठीत सांगायच्या. आवाज कसा होता, मागे काय ऐकू आलं, कोंबडी, इंजिन, मुलं? भावोजी अडखळत होते का? मी सांगितलं ते त्याने लिहून घेतलं. मग तो म्हणाला, पुढच्या वेळी फोन आला तर बोलत राहा. काहीही बोला. जितका वेळ फोन चालू, तितकं आम्हाला तो कुठून आलाय ते शोधायला सोपं.

माझं डोकं गेलं.

"हे आज सांगताय?"

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही शांत व्हा."

"काय शांत व्हा! मला एक वाक्य सांगायचं होतंत. एक. बोलत राहा. मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोललो असतो!"

"तेव्हा ते सांगायची आम्हाला परवानगी नव्हती. आणि तुम्हाला ठाऊक असतं, तर ते तुमच्या आवाजात कळलं असतं."

"मॅडम, माझ्या आवाजात आजवर कुणाला काही कळलेलं नाय. माझं घर त्यावर उभं आहे."

कलेक्टर ऑफिसातल्या साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो झटकला. पडद्यावरचा तो माणूस थांबला होता, मी काय ओरडलो ते त्याने मॅडमना विचारलं. त्यांनी काय सांगितलं कोण जाणे. तो म्हणाला, तुम्ही बरोबर आहात.

भांडायला आलेल्या माणसाला "तुम्ही बरोबर आहात" म्हटलं की त्याच्या हातातलं सगळं काढून घेतल्यासारखं होतं. तरी मी एक प्रयत्न केला. म्हटलं, "ठीक. मी बोलीन. पण ठिकाण कळलं आणि तुम्ही तिथे धाड घालायचं ठरवलंत, तर आधी मला सांगायचं. आमचा माणूस तिथे असेल. गोळ्या काय कपाळ बघून लागत नाय." मॅडम म्हणाल्या, "तुमची विनंती नोंदवून घेतली आहे."

मी म्हटलं, "आणि त्याला विचारा, तुमच्या इंजिनियरसाठी जे कराल तेच आमच्यासाठी करणार काय?" तो म्हणाला, आमच्यासाठी सगळे ओलीस सारखेच. माणूस खरं बोलत होता, तेवढं मला चेहऱ्यावरून कळतं. पण ठरवणारा तोही नव्हता. तोही कुणाचा तरी मुनीमच.

घरी बहिणीला सांगितलं तर ती वेगळंच म्हणाली. "ठिकाण कशाला शोधतायत? तिथे जाऊन बंदुका चालवायलाच ना? तू जास्त बोललास की विमानं येणार. नको बोलू, दादा."

"मग ठेवू काय लगेच? मागच्या वेळी ठेवला तर तू..."

"मला नाय कळत," ती म्हणाली आणि तोंड पदरात घेऊन आत गेली.

मलाही कळत नव्हतं. बोललो तर धाड, नाही बोललो तर ते तिथेच. माझ्याकडे दोन्ही बाजूंनी देण्यासारखं काही नव्हतं आणि घेण्यासारखं एकच होतं. असा सौदा मी कधी केला नाही. असा सौदा मला कुणी सांगितला असता तर मी उठून गेलो असतो.

दुसरा फोन आला तेव्हा सीझन भरात होता. शेडमध्ये पेंढ्यात आंब्यांच्या आढ्या लागलेल्या, बायका प्रतवारी करत होत्या, खोके भरणं चालू होतं. बहीणही त्यांच्यात बसायची, हाताला काम असलं की बरं म्हणून. मी तिला खूण केली, फोनचा आवाज मोठा केला. सगळ्या शेडमध्ये हात थांबले.

"दादा, मी."

"बोला भावोजी. बोला. आता मी ठेवणार नाय."

ते म्हणाले, "मागच्या वेळी मला वाटलं, माझा भाव पटला नाय तुम्हाला."

शेडमधली एक बाई फस्सकन हसली आणि रडायला लागली. मी बहिणीच्या तोंडापुढे फोन धरला. ती नुसती "अहो" म्हणाली. तेही "काय गं" म्हणाले. नवरा-बायकोला काय बोलायचं ते सुचेना, आणि मला त्या पडद्यावरच्या माणसाचा चेहरा दिसत होता. बोलत राहा.

मग मी बोलायला लागलो. काय बोललो? मोहर चांगला आला होता पण तुडतुड्याने खाल्ला. वांदरांनी खालच्या बागेत धुमाकूळ घातलाय. तुमच्या आईचा गुडघा बरा आहे, ती सकाळी परसात फिरते. तुमच्या दारचा फणस या वर्षी बुंध्याला लागलाय, जमिनीला टेकेल इतका. त्यांनी विचारलं, "कापा की बरका?" मी म्हटलं, "तुमचा फणस, तुम्हाला माहीत नाय?" ते म्हणाले, "बरका. चुकून कापा झाला असेल तर बघावं म्हटलं."

"हायवेचं काम झालं काय?"

"नाय."

"मग घाई नाय मला. येईपर्यंत होत नाय तो."

पलीकडे कुणीतरी काही विचारलं, भावोजींनी त्यांच्या भाषेत दोन शब्द सांगितले. शिकले होते. मग कुणीतरी हसलं. हसणारा माणूस पंचविशीतला वाटला. आमच्या शेडमध्ये खोके मारायला येतात त्या वयाचा.

"खायला देतात काय?" बहिणीने विचारलं.

"देतात गं. मी यांचे दिवे दुरुस्त करतो. सोलर, बॅटऱ्या, सगळं यांचं बोंबललेलं होतं. आता चालतं. म्हणून मला दूधही देतात."

मी म्हटलं, "भावोजी, एवढं चांगलं काम करू नका."

"म्हणजे?"

"कामाचा माणूस कोण सोडतो? थोडं बिघडवा. हळू करा. तुम्हाला येत नाय असं दाखवा."

ते हसले. "दादा, तुम्ही मला शेडमध्ये घेऊन हेच शिकवणार होतात काय?"

मी बोलत राहिलो. पावसच्या खाडीवर कुणी मासा मारला, कुणाच्या पोरीचं लग्न ठरलं, ग्रामपंचायतीत कोण पडलं. मला निम्मं माहीत नव्हतं, मी रचत गेलो. आयुष्यात पहिल्यांदा मला बोलणं संपण्याची भीती वाटली. आणि त्याच वेळी मनात येत होतं, आत्ता वर कुठेतरी काही फिरत असेल, आणि प्रत्येक वाक्यागणिक ते खाली उतरत असेल. मी भावोजींना वाचवतोय की त्यांच्यावर बोट दाखवतोय?

मग मधेच फोन तुटला. त्यांनी ठेवला नाही, मी ठेवला नाही. वाक्याच्या मध्ये. ते म्हणत होते, "दादा, माझ्या आईला सांगा की..."

काय सांगा ते मला आजही माहीत नाही. त्यांच्या आईला मी सांगितलं, बरा आहे म्हणाला.

मॅडमनी या वेळी "चांगलं झालं" म्हटलं. मोकळेपणाने म्हटलं. मी लगेच विचारलं, सापडलं का? त्या म्हणाल्या, "त्यावर मी बोलू शकत नाही."

सीझन संपत आला होता. टीव्हीवर एका संध्याकाळी पट्टी फिरायला लागली. त्या देशाच्या सैन्याने, मित्रराष्ट्राच्या मदतीने, बंडखोरांच्या एका तळावर कारवाई केली. ओलीस सोडवले. बहीण टीव्हीच्या इतकी जवळ जाऊन उभी राहिली की आम्हाला काही दिसेना. मी मॅडमना फोन लावत होतो, तो लागत नव्हता. मग चित्र आलं. विमानातून उतरणारा एक माणूस, दाढी वाढलेली, खांद्यावर ब्लँकेट. तो गोरा इंजिनियर. त्याच्यामागे तिथले मजूर. मग पुन्हा तेच चित्र. मग जाहिरात.

मॅडमचा फोन दुसऱ्या दिवशी आला. भावोजी आणि तो फिटर तिथे नव्हते. सुटून आलेल्या इंजिनियरने सांगितलं, त्या फोननंतर दोघांना मोटरसायकलवर बसवून दुसऱ्या गटाकडे नेलं होतं. त्यांच्याकडचे दिवे बंद होते, त्यांना वायरमन हवा होता.

"जिवंत आहेत, हे नक्की," मॅडम म्हणाल्या. "ही चांगली बातमी समजा."

"आणि तो तळ सापडला तो कशावरून?"

पलीकडे पुन्हा कागद हलले.

"आमच्या फोनवरून ना?"

"मी त्यावर..."

"बोलू शकत नाय. माहीत आहे." आणि मी फोन ठेवला. सवयीने ठेवला, आणि लगेच परत लावला. त्यांच्यावर ओरडून काही उपयोग नव्हता, पण ठेवायलाही भीती वाटत होती.

आमच्या फणसाच्या गप्पांवर त्यांचा माणूस सुटला, असं मी मानतो. कुणी तसं म्हणालेलं नाही, कुणी नाही म्हणालेलं नाही. त्या इंजिनियरचा मला राग नाही. त्याने दिल्लीमार्फत बहिणीला निरोप पाठवला की भावोजींनी तिथे सगळ्यांना हसत ठेवलं होतं, आणि आपण त्यांना विसरणार नाही. बहिणीने तो निरोप दोनदा वाचून दाखवायला लावला. माझा राग आहे तो वेगळा. त्या मोठ्या देशाची विमानं आता तिथून परत गेली असं टीव्हीवर ऐकलं. मी मॅडमना विचारलं, आपल्या दोघांसाठी पुन्हा मदत मागणार का? म्हणाल्या, मागितली आहे. मी विचारलं, येणार का? म्हणाल्या, ते त्या सरकारने मागावं लागतं, आणि त्यांनी द्यावं लागतं. मागणारा कोण, देणारा कोण, आणि आम्ही कोण, हे मला आजवर नीट कळलेलं नाही. कुणाच्याही दारात जाऊन बसावं तर दारच नाही.

बहीण अजून माझ्याकडेच आहे. आता बोलते माझ्याशी. सकाळी उठून पहिल्यांदा माझा मोबाईल चार्ज आहे का बघते, मग चहा ठेवते. तिने मला पुन्हा कधी सांगितलं नाही की बोल किंवा नको बोलू. मीच एकदा म्हटलं, "पुढच्या वेळी मी लांबवणार." ती म्हणाली, "लांबव. मला नुसता आवाज आला तरी पुरे."

तेव्हापासून माझी एक अडचण झाली आहे. मला बोलायला लागणार, आणि माझ्याकडे बोलायला काही नाही. भाव, करार, मजुरी सोडून मी कधी कुणाशी बसलो नाही. मागच्या वेळी रचलेलं पुन्हा कसं चालणार? भावोजी हुशार आहेत, त्यांना कळतं. म्हणून मी आता खरं गोळा करतो. गाडी थांबवून लोकांना विचारतो. देवळात आरतीला जातो आणि नंतर उगाच रेंगाळतो. संगमेश्वरला त्यांच्या आईकडे गेलो की शेजारपाजारच्यांकडेही जातो, कुणाच्या गोठ्यात काय, कुणाच्या घरात काय. लोकांना वाटतं, वयाप्रमाणे मऊ झालो.

परवा स्टँडजवळच्या टपरीवर चहा घेत होतो. शेजारी बसलेला एक म्हातारा त्याच्या शेळीची गोष्ट सांगत होता. शेळी कशी दावं तोडून गेली, आणि ती शेजाऱ्याच्या कुळथात सापडली, आणि त्यावरून शेजाऱ्याशी कसं वाजलं. टपरीवाला मला म्हणाला, "शेठ, तुम्हाला उशीर होत नाय काय आज?" मी त्याला हाताने थांबवलं.

"शेळी काळी होती की पांढरी?" मी म्हाताऱ्याला विचारलं.

"पांढरी. एक कान काळा."

"कुठला?"

तो आठवायला लागला. मी थांबलो.